चौकोनाची खोली

माझ्या बर्फाला वास नाही.
तो चौकोनांचा आहे, दर चौकोन एक किलोमीटरचा,
आणि बर्गनमधल्या एका तळघरात
पंख्यांच्या घरघरीत तो रात्रभर वितळतो.
सकाळी डबा उघडावा तशी मी फाइल उघडते:
सन एकवीसशे. इतका उरला.

त्यातला एक चौकोन,
ओळ तीनशे बारा, रकाना अठ्ठ्याऐंशी,
हिमनदी जिथे फ्योर्डमध्ये पाय सोडून बसते.
तिथली खोली आमच्याकडे नव्हती.
हिमखंडांच्या गर्दीत जहाज कधी शिरलंच नव्हतं.
मग आम्ही नेहमी करतो तेच केलं:
अलीकडचा आकडा, पलीकडचा आकडा,
मधे एक सरळ रेघ.
दोनशे चौदा पूर्णांक सदतीस मीटर.
अज्ञानालाही दशांशचिन्हापुढे दोन घरं देता येतात.

एप्रिलमध्ये कुल्लोर्सुआकला गेले,
उसार्काकच्या स्लेजवर, अकरा कुत्र्यांच्या मागे.
त्याने समुद्राच्या बर्फाला भोक पाडलं,
गळांची दोरी सोडली, टोकाला पत्र्याचा तुकडा,
पाण्यात पतंगासारखा तिरका जाणारा.
दोरी जात राहिली.
थर्मासातला चहा संपला, कुत्री शेपटीत नाक घालून झोपली,
दोरी जात राहिली.

"किती?" मी विचारलं.
"चारशे वाव. बापालाही इथे तेवढीच लागायची.
तळ हलत नाही, तुरिल. बाकी सगळं हलतं."

वाव म्हणजे त्याचे पसरलेले दोन हात.
मी टेप लावून मोजले, तो ख्रिस्तासारखा उभा राहिला
आणि ताबिता, त्याची मुलगी, पोट धरून हसली.
एकशे बहात्तर सेंटिमीटर.
म्हणजे सहाशे अठ्ठ्याऐंशी मीटर.

आता हे सांगायला हवं, की त्या फ्योर्डमध्ये
पाण्याचे दोन मजले आहेत.
वरचं गोठायच्या बेतात.
खालचं दक्षिणेहून आलेलं, जड, खारट,
दोन-तीन अंशांची ऊब पोटात धरून.
उंबरा दोनशेचा असेल तर ते बाहेरच थांबतं.
सातशेचा असेल तर थेट आत येतं,
चपलासुद्धा न काढता.

घरी येऊन एकच आकडा बदलला.
तळाच्या घसरणीला हात लावला नाही, हवेला नाही.
रात्रभर पंखे.
सकाळी हिमनदी एकोणीस किलोमीटर मागे सरकलेली,
आणि गेल्या तीस वर्षांचा आलेख
उपग्रहाच्या फोटोंवर अलगद बसलेला.
सहकाऱ्यांनी केक आणला.
मला आनंद झाला, लपवून काय करू.

फोनवर सांगितलं. ताबिता मधे दुभाषी.
उसार्काक बराच वेळ गप्प, मागे कुत्री.
मग म्हणाला, "म्हणजे माझी दोरी तू आत सोडलीस
आणि बर्फ गेला?"
"तो आधीपासूनच जात होता," मी म्हटलं,
"आम्हाला दिसत नव्हता, इतकंच."
"हं. मग दोरी वर ओढून बघ."
ताबिता हसली. तो हसला की नाही, कळलं नाही.

ओढून बघितली.
एका शनिवारी, कुणाला न सांगता,
दोनशे चौदा पूर्णांक सदतीस परत लिहिले.
रविवारी हिमनदी होती तिथेच,
पाय सोडून, निवांत, धादांत चूक.
ती फाइल अजून पुसलेली नाही.

या नोव्हेंबरात त्यांचा समुद्र गोठलेला नाही.
उसार्काक होडीने जातो, कुत्री बांधलेली असतात.
काल त्याचं पाकीट आलं:
मासळी कारखान्याच्या सात पावत्या,
पुढे हॅलिबटचं वजन, पाठीमागे पेन्सिलीने
जागा आणि वाव, जागा आणि वाव.
सहा मी चौकोनांत भरल्या.
सातवी अजून टेबलावर आहे.
तिच्यावर आकडा नाही,
ताबिताच्या अक्षरात एक ओळ आहे:
इथे दोरी संपली.